इवायासाठी वाइन

भगवंतराव इंगोले यांना खोटं बोलायची सवय नव्हती, तेच त्यांना नडलं. सवयीचा माणूस खोटं बोलतो ते जपून, पेलेल एवढंच बोलतो. नवशिक्याला अंदाज नसतो. तो पहिल्याच झटक्यात डोंगराएवढं बोलून मोकळा होतो आणि मग त्या डोंगराखाली दबून राहतो.

झालं असं की त्यांच्या प्रणालीनं आणि अकोल्याच्या कुलदीप बोचरेनं पुण्यात नोकरी करता करता आपलं परस्पर जमवून टाकलं होतं. आईबापांकडे काम उरलं ते एवढंच, की एकदा एकत्र जेवायचं आणि साखरपुड्याची तारीख काढायची. जेवण अमरावतीला इंगोल्यांकडे ठरलं. तोवर दोन्ही घरांनी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. दोन बापांचं बोलणं काय ते फोनवर. वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात आणि इवायासमोर मान खाली घालण्यापेक्षा माणूस विहिरीत उडी घालणं पसंत करतो, एवढं लक्षात असू द्यावं.

अकोल्याचे इवाई उत्तमराव नुकतेच थोरल्या मुलीकडे ऑस्ट्रेलियात उन्हाळा, हिवाळा काढून आले होते. तिकडून लोक चॉकलेटं आणतात, त्यांनी एक सवय आणली होती.

"इवाई, जेवाचं काही खास करू नोका," ते फोनवर म्हणाले. "रोडगे करा, वांग्याची भाजी करा. मी आपला जेवनासंगं एक गिलास रेड वाइन घेतो. बोल्ड पाह्यजे, फ्रूटी पाह्यजे, बस. तुमच्याकडं चालत नसन त राहू द्या."

त्यातलं 'चालत नसन' भगवंतरावांच्या वर्मी लागलं. अकोल्याच्या माणसानं अमरावतीच्या माणसाला मागासलेलं समजावं!

"चालत नाही म्हंजे?" ते छाती काढून म्हणाले. "थे माह्यावर सोडा. रेडमधलं आपल्याले समजते. मी सोता निवडून ठेवतो."

फोन ठेवला तेव्हा सुटी घेऊन घरी आलेली प्रणाली दारात उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "रेडमधलं तुमाले सिग्नल सोडून काय समजते? अन त्याच्यावर तुमी रस्ता रिकामा असला तरी थांबता."

मनकर्णाबाईंची शंका वेगळीच होती. "बोल्ड म्हने! सिनेमातलं ऐकलं होतं मी हे. पोरीचा सासरा मानूस कसा हाये हो?"

फ्रुटी म्हणून भगवंतरावांना जे एक ठाऊक होतं, ते आंब्याचं होतं आणि लहान मुलं नळीनं पीत.

दुसरा कोणी असता तर सरळ दुकानात गेला असता. भगवंतराव आधी परवाना काढायला गेले. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत त्यांनी सारी नोकरी केली, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि 'नियमानं चला' हे वाक्य तिथं इतक्यांदा उच्चारलं की निरोपाच्या केकवरही तेच लिहून आणलं होतं. दारू प्यायला परवाना लागतो हे त्यांना माहीत होतं. तो कोणी काढत नाही, हे माहीत नव्हतं.

खिडकीमागच्या बाबूनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काका, पकडल्या गेले का कुठं?"

"नाही."

"मंग परवाना काहून पाह्यजे?"

बाबूनं त्यांना घरी जाऊन कॉम्प्युटरवरून अर्ज भरायला सांगितलं. कॉम्प्युटरनं त्यांचा फोटो परत केला, कारण कान दिसत नव्हते. कान दिसतील असा फोटो काढला तर त्यात ते स्वतः ओळखू येईनात. अखेर प्रणालीनं खटपट करून परवाना मिळवला आणि छापून आणून आईच्या हातात दिला.

मनकर्णाबाईंनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि मटकन खाली बसल्या. सरकारच्या लेखी कोणीही मजेसाठी पीत नाही; परवान्यावर स्पष्ट छापलं होतं, 'आरोग्य राखण्यासाठी'.

"काय झालं तुमाले?" त्यांनी हंबरडाच फोडला. "दारू द्या लागते एवढा आजार झाला अन मले सांगतलं नाही?"

त्यांची समजूत काढायला फार वेळ लागला नाही. पण समोरच्या घरातली वर्षाली तेवढ्यात विरजण मागायला आली होती. तिनं हंबरडा ऐकला आणि समजुतीआधीच पाय मागे घेतला. संध्याकाळपर्यंत कॉलनीतले लोक भगवंतरावांना वाकून नमस्कार करू लागले. आपल्याबद्दल आदर वाढल्याचं पाहून भगवंतराव सुखावले. आजवर इतक्या जणांनी त्यांना बसायला खुर्ची कधी दिली नव्हती.

दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'वाइन शॉप' होतं आणि आत वाइन सोडून सगळं होतं. "वाइन?" दुकानदारानं इतक्या आश्चर्यानं विचारलं की भगवंतरावांनी बाहेर येऊन पाटी पुन्हा वाचली. मग तो मागच्या खोलीत गेला, काही पडल्याचे आवाज आले आणि तीन बाटल्या घेऊन तो शिंकत परतला. एक कॅबरने होती. एक शिराझ होती. तिसरी टेबलाच्या मोडक्या पायाखालून काढली होती आणि तिचं नाव उंदरांनी खाल्लं होतं. पिशवीत बाटल्या, त्यांच्यावर मेथीची जुडी, अशा बंदोबस्तात खरेदी घरी पोचली.

आता चव घेऊन निवडायचं. त्यासाठी शेजारच्या संघपालला बोलावलं. संघपाल बँकेत अधिकारी होता आणि बँकेच्या सहलीतून एकदा नाशिकची द्राक्षबाग पाहून आला होता. त्या एका दुपारच्या भांडवलावर तो कॉलनीत वाइनचा विषय निघायची कित्येक वर्षं वाट पाहत होता.

"साहेब," तो पांढरा शर्ट सावरत म्हणाला, "वाइन पेत नसतात. वाइन ऐकत असतात."

ऐकण्याआधी उघडणं आलं. बाटल्यांना बुचं होती आणि ती काढायचा पेच नाशिकला होता. स्क्रू-ड्रायव्हर झाला, पक्कड झाली. शेवटी संघपालनं पहिल्या बाटलीला लाटण्याचं टोक लावून वरून बुक्की मारली. बूच आत गेलं आणि त्याच्या बदल्यात वाइन बाहेर आली. थोडी पंख्यावर, थोडी कॅलेंडरवर, उरलेली संघपालवर. त्याचा शर्ट तरी नक्कीच बोल्ड झाला.

पोर्चमध्ये बैठक जमली. पेला तिरपा धरून रंग पाहायचा, मग गरगर फिरवायचा, मग त्यात नाक घालायचं, मग घोट घेऊन तोंडात खळखळवायचा. "अन मंग थुंकाचा," संघपाल म्हणाला.

"थुंकाचा?" भगवंतरावांना धक्काच बसला. "पैसे देऊन आणलेली वस्तू?"

"नाशिकले थुंकत होते. नाही त तिसऱ्या बाटलीले काही समजत नाही."

पहिला मान कॅबरनेचा. कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आवळून आली. "शाई," भगवंतरावांनी निकाल दिला. संघपाल म्हणाला की हा तुरटपणा भारी वाइनचा दागिना असतो, त्याला टॅनिन म्हणतात, आणि त्याच्यामागे काळ्या मनुका ऐकू येतात का ते पाहा. भगवंतरावांनी बराच कान दिला. मनुका काही बोलल्या नाहीत. त्यांनी घोट जास्वंदीच्या कुंडीत सोडला.

तेवढ्यात मनकर्णाबाई बाहेर आल्या. "काय लावलं हे मघापासून खळखळ? द्या इकडं." पेल्याला तोंड लावायचा प्रश्नच नव्हता. भाजीचं मीठ पाहावं तशी त्यांनी तिन्ही बाटल्यांतले दोन दोन थेंब तळहातावर घेतले आणि चाटले. शिराझपाशी थांबल्या. पुन्हा दोन थेंब घेतले.

"हे जांभूळ हाये," त्या म्हणाल्या. "पिकलेलं. त्याच्यात करवंदं कुस्करली. मांगून मिरं येते. गोड नाही, पन फळानं भरून हाये, अन आंगानं घट्ट. हे माह्या वांग्याच्या भाजीपुढं टिकन. पयलं थे भाजीसंगं भांडन. अन हे तिसरं त पाहुने वाढले म्हनून पानी टाकलेलं वरन हाये."

संघपालनं हात जोडले. भगवंतरावांना मात्र हे नियमाला धरून वाटलं नाही. न फिरवता, न हुंगता, न थुंकता निकाल! तो तपासून पाहायलाच हवा म्हणून त्यांनी शिराझचा मोठा, गालफुगवा घोट घेतला. आणि खरंच, जांभूळ आलं, करवंद आलं, मग हळूच मागून मिरं आलं. त्यांचे डोळे आनंदानं पाणावले. गिळावं असं फार वाटलं. पण नियम तो नियम. डोळ्यांत पाणी, एक हात छातीवर, अशा अवस्थेत ते कुंडीवर वाकले आणि तोंडातून लालभडक चूळ टाकली.

फाटकात वर्षाली विरजणाची वाटी घेऊन उभी होती.

"अवं माय वं!" वाटी फुटली. "काकांले रक्ताची उलटी झाली! धावा वो कोनी!"

तिला खरं सांगायला संघपाल धावला, तर त्याचा शर्ट पाहून ती आणखीच किंचाळली. बघता बघता पोर्च भरला. कोणी कांदा हुंगायला आणला, कोणी ऑटो बोलावला, एका निवृत्त गुरुजींनी भगवंतरावांच्या तोंडाला पाणी लावून त्यांना राम म्हणायला सांगितलं. भगवंतराव ओरडून सांगत होते की मी ठणठणीत आहे. आजारी माणूस तेच म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अहो, थे औषध हाये!" शेवटी संघपालनं बाटली उंच धरली. "द्राक्षाचं औषध!"

मग गुरुजींनी बाटलीकडे बोट केलं. "गुडघ्यालेही चालते का हे?"

पुढचं वर्णन करवत नाही. गुडघ्याला चालतं म्हटल्यावर कंबरेला चालतंच. एकेक चमचा देता देता कॉलनीनं शिराझचा तळ पाहिला. गुरुजींनी जाताना उजवा गुडघा वाकवून दाखवला आणि डाव्यासाठी पुन्हा येतो म्हणाले. भगवंतरावांपाशी उरली ती शाई आणि ते पाणी टाकलेलं वरण.

दुकानदारानं चार ठिकाणी फोन लावून पाहिले. तशी शिराझ आसपास कुठेच नव्हती. अकोल्याला एका दुकानात एकच बाटली शिल्लक होती.

जेवण परवावर आलं होतं. भगवंतरावांनी सकाळची एसटी धरली. इवायाच्या गावात आपण वाइनच्या दुकानात दिसू नये म्हणून तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि वर काळा चष्मा लावला. ही खबरदारी वाया गेली, कारण एप्रिलात अकोल्याला सगळं गावच तसं फिरतं. पारा पंचेचाळिशीत गेला की तिथं सख्खे भाऊ एकमेकांना चपलेवरून ओळखतात.

दुकानात त्यांनी मांडणीवरच्या बाटलीला हात घातला, तर बाटलीवर आधीच एक हात होता. पांढरा सनकोट, हातमोजे, डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ आणि चष्मा. आत एक बाई होती.

"बाई, हे मी फोन करून सांगून ठेवली हाये."

"फोन केल्यानं बाटलीच्या सातबाऱ्यावर नाव चढलं का तुमचं? हात मी पयले लावला."

"हे पाहा, नियमानं चला."

"मी पायानं चालत आली. सोडा."

भगवंतरावांचा तोल उन्हानं आधीच गेला होता. "बाया मानसाले कायले पाह्यजे वाइन?" ते बोलून गेले.

"अन तुमच्या गोवऱ्या मसनात गेल्या, तुमाले कायले पाह्यजे?" बाईनं ताडकन फेकलं. "माह्या घरची सोयरीक हाये. समोरचा मानूस वाइनमधला मोठा जानकार हाये. हलकी बाटली नेली त नाक कापल्या जाईन आमचं!"

"माह्याकडंही जानकारच येऊन राहिला!"

दोघंही बाटली सोडेनात. शेवटी भगवंतरावांनी न्यायानं जायचं ठरवलं. "मालक, माह्या नावानं पक्की पावती फाडा," ते दुकानदाराला म्हणाले. पक्की पावती हे शब्द त्या दुकानात प्रथमच उच्चारले गेले असावेत. दुकानदार खाली वाकून पावतीपुस्तक शोधू लागला, भगवंतराव नाव सांगण्यासाठी काउंटरवर वाकले, आणि वळून पाहतात तर बाई पैसे ठेवून, बाटली घेऊन पसार झालेली.

रिकाम्या हातानं आणि भाजलेल्या टाळूनं ते अमरावतीला परतले. मनकर्णाबाईंनी कांद्याचा रस चोळून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांचा विस्तव पडला, रोडग्यांची कणीक मळून झाली, टेबलावर शाईची बाटली उभी राहिली आणि बोचऱ्यांची गाडी दारात आली. कुलदीप ती फाटकासमोरच लावू लागला.

"जावाईबापू, तिकडं, झाडाखाली लावा," भगवंतराव पुढे होत म्हणाले. "इथं येनंजानं असते. नियमानं चाललं म्हंजे बरं."

गाडीतून उतरणाऱ्या कुलदीपच्या आईचा, वच्छलाबाईंचा, एक पाय जमिनीवर आणि दुसरा गाडीतच राहिला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "परत म्हना बरं थे."

"काय?"

"थे नियमाचं."

आवाज ऐकून भगवंतरावांची टाळू पुन्हा तापली. वच्छलाबाईंच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून ओळखीची मान डोकावत होती, शिराझची.

"हाच!" वच्छलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "मले 'बाया मानसाले कायले पाह्यजे' म्हननारा हाच मानूस!"

"थो बिनडोक म्हातारा?" उत्तमराव म्हणाले, आणि मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं.

अंगणात कोणी हलेना. कुलदीप आईकडे पाहत होता. प्रणाली बापाकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत या वेळी थट्टा नव्हती. एका बाटलीपायी पोरीची सोयरीक मोडली, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? भगवंतरावांचा आयुष्यभराचा ताठा एका क्षणात विरघळला. त्यांनी विहिणीपुढे हात जोडले.

"ईनबाई, चुकलं माह्यं. बोलाले नोको होतं थे. अन वाइनमधलं मले काहीच समजत नाही. इवायासमोर हलकं दिसू नोये म्हनून बोलून बसलो."

वच्छलाबाई काही बोलणार, तोच मनकर्णाबाईंनी पुढे होऊन विचारलं, "दुकानात पावती मागत होते का हे?"

"मागत होते ना! पक्की!"

"मंग हेच." मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. "ईनबाई, तुमी बाटली घेऊन सुटल्या तरी. मी लगनापासून नियमानं चालून राहिली!"

आधी वच्छलाबाईंच्या नाकातून हवा सुटली. मग खांदे हलले. मग त्या गाडीच्या दाराला धरून अशा हसायला लागल्या की पिशवी प्रणालीनं झेलली. मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, प्रणाली हसता हसता रडत होती आणि समोरच्या घरातून वर्षाली खिडकीत येऊन, काही कळत नसताना, हसत होती.

उत्तमराव भगवंतरावांजवळ सरकले. "इवाई, मले तरी कुठं समजते?" ते हळूच म्हणाले. "तिकडं जावाई ओतत होता, मी पेत होतो. बोल्ड, फ्रूटी हे त्याचेच शब्द. तुमी रेडमधलं समजते म्हनलं, अन मीच घाबरलो. हिले म्हनलं, आता चांगली बाटली नेल्याबिगर इज्जत राहत नाही."

म्हणजे दोन्ही घरं एकमेकांच्या जाणकारीला भिऊन अकोल्याच्या उन्हात एका बाटलीसाठी झोंबली होती.

वच्छलाबाईंनी ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या पेचानं बूच कसं सुळकन काढलं, ते संघपालनं भिंतीवरून पाहिलं आणि त्याला आत बोलावणं भागच पडलं. पेले भरले. पहिला घोट घेऊन वच्छलाबाई म्हणाल्या, "ऊन वसूल झालं." मनकर्णाबाईंनी आधी ओठ लावले, मग घोट घेतला, मग पेला घेऊन सरळ सोफ्यावर पाय वर करून बसल्या. लग्नानंतर प्रथमच पाहुणे घरात असताना त्या बसल्या होत्या. दोघी विहिणींनी डोकी जवळ घेतली आणि बोलणं असं रंगलं की स्वयंपाकाचं नाव निघेना.

"रोडग्याचं काय?" भगवंतरावांनी दारातून विचारलं.

"तुमी पाहा," आतून दोघींनी एकदम सांगितलं.

तेव्हा दोघे इवाई आपापले पेले घेऊन अंगणात विस्तवापाशी बसले. रोडगे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरायचे, फिरवत राहायचे, तडकले की काढायचे, एवढं दोघांना पाहून माहीत होतं. केलं कोणीच नव्हतं. धुरानं डोळे चुरचुरत होते. उत्तमरावांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला राख लागली होती आणि भगवंतरावांच्या चिमट्यातून रोडगा सारखा निसटत होता.

"अबे पलटव ना भगवंता!" उत्तमराव एकदम ओरडले. "जळून राहिला ना बे थो!"

भगवंतरावांचा चिमटा हवेतच थांबला. कचेरीत ते सर्वांचे साहेब होते, कॉलनीत काका, घरात 'काहो'. 'बे' म्हणणारं कोणी गावाकडच्या शाळेनंतर उरलंच नव्हतं. त्यांनी इवायाकडे पाहिलं. इवायाला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. तो डोळे पुसत आरावर फुंकर मारत होता.

भगवंतरावांनी पेल्यातला मोठा घोट घेतला आणि या वेळी तो बिनदिक्कत गिळला.

"थांब ना बे," ते म्हणाले, "तुले काय समजते रोडग्यातलं!"

आतून मनकर्णाबाईंनी तारीख ठरल्याचं ओरडून सांगितलं. पण पहिला रोडगा नेमका तेव्हाच तडकला होता आणि तो कोणाच्या बाजूचा, यावरून बाहेर जोरात वाद चालला होता.